झिजलेली ऐरण घासू नका!

भंगारात ऐरण मिळाली, मधे जराशी खोलगट, की नवशिक्याचा हात आधी ग्राइंडरकडे जातो. थांबा! जुन्या इंग्लिश ऐरणींचं अंग घडीव लोखंडाचं असतं आणि वर पाणी दिलेल्या पोलादाची जेमतेम अर्धा इंच जाड पाटी. घासाल तितकी ती पातळ होते. खोलगट भाग वेल्डिंगने भरायला गेलात, तर उष्णतेने तिचं पाणीच उतरतं.

आधी बेअरिंगची गोळी 10 इंचांवरून सोडा. सात-आठ इंच उसळली, तर ऐरण ठणठणीत. गोल झालेल्या कडा चांगल्याच, कारण तीक्ष्ण कड तापलेल्या लोखंडात चीर पाडते. खोलगट भागात वाकडी सळई सरळ करायला सोपी जाते. पाटीच सुटलेली असेल, तर मात्र ऐरण घेऊच नका.

माझी ऐरण अजून तशीच आहे. सुऱ्या सरळ निघतात, बहुतेक वेळा!