भूत कानडी बोलत होते

भुताखेतांचा विषय निघाला की प्रत्येक घरात एक हुकमी किस्सा असतो. आमच्या भालकीच्या घरात तो आत्याचा होता. "शिकलेली माणसं काही का म्हणेनात, पण मराठी घरातली सून एकाएकी घडाघडा कानडी कशी बोलेल?" असे वडील विचारत आणि समोरचा गप्प होई. मीही कित्येक वर्षे गप्पच होतो.

आत्याचे सासर उदगीर तालुक्यातल्या एका खेड्यात. घरात कानडीचा गंधही नाही. १९७९ साली तिचे पहिले मूल तीन महिन्यांचे होऊन गेले. त्यानंतर दीडेक महिन्याने रोज दिवेलागणीला तिच्या अंगात येऊ लागले. डोळे फिरत, आवाज घोगरा होई आणि ती कानडीत बोलू लागे. सासरी कुणालाच कळेना. शेवटी बिदरहून भांडी विकायला येणाऱ्या एका व्यापाऱ्याला बोलावले. त्याने ऐकून सांगितले, "ही म्हणते, 'नन्न कूसु एल्लद?' माझं लेकरू कुठं हाय?" झाले! बाळंतपणात मेलेली कुणी कानडी बाई हडळ होऊन हिला लागली, असा निकाल लागला आणि आत्याला गाणगापूरला न्यायचे ठरले.

(कानडीत भुताला 'देव्व' म्हणतात. आमच्या शेजारच्या अव्वा "देव्व बंतु" म्हणाल्या की लहानपणी मला देव आला असे वाटे आणि मी हात जोडी.)

गाणगापूर आपल्याकडच्या वाचकांना सांगायला नको. अफझलपूर तालुक्यात भीमा आणि अमरजा यांचा संगम, नृसिंह सरस्वतींच्या निर्गुण पादुका, दुपारची माधुकरी. पिंपळावरच्या ब्रह्मराक्षसाला स्वामींनी मुक्ती दिल्याची कथा गुरुचरित्रात आहे, म्हणून बाधा झालेली माणसे पिढ्यान् पिढ्या तिथे येतात. मी नऊ वर्षांचा होतो. दुपारच्या महाआरतीला घंटा-नगारे सुरू झाले आणि आतापर्यंत शांत बसलेल्या बायका केस मोकळे सोडून घुमू लागल्या, कुणी खांबाला कवटाळून वर चढू लागल्या. आत्याही ओरडत होती, कानडीत. आरती संपली आणि पाचेक मिनिटांत सगळे थांबले. ती पदर सावरून बसली आणि मला म्हणाली, "भूक लागली का रे?" ते पाहिल्यावर भूत नाही असे म्हणायची माझी काय छाती होती?

पुढे कॉलेजात असताना एकदा सहज आजीला विचारले, "आत्याला कानडी येतं का गं?" आजी तांदूळ निवडत होती. म्हणाली, "न यायला काय? मला टायफॉईड झाला तवा ती दीड वर्साची होती. शेजारच्या अव्वांनी नेली, ती पाच वर्साची होईस्तोवर तिकडंच. आधी कानडीच बोलायची, मराठी मागून शिकली." मग हे इतकी वर्षे कुणालाच का सांगितले नाही? तर कुणी विचारलेच नव्हते! वडील तेव्हा हैदराबादला शिकायला होते आणि सासरच्यांना सून मराठी आहे एवढे पुरे होते.

आपल्या भागात अशा पोरी घरोघर आहेत. १९५६ साली हैदराबाद संस्थानाचा जुना बिदर जिल्हा तुटला. उदगीर, निलंगा तिकडे गेले, भालकी, औराद इकडे राहिले. सोयरिकी मात्र रेषा ओलांडून होतच राहिल्या. लेक देताना तिच्याबरोबर एक भाषा गुपचूप जाते, तिची मोजदाद कोण करतो?

न शिकलेली भाषा बोलणे हा भुताचा किंवा पुनर्जन्माचा सर्वांत भक्कम पुरावा मानला जातो. यातले जगभर गाजलेले प्रकरण मराठीच आहे. नागपूरच्या विद्यापीठात शिकवणाऱ्या एक बाई १९७४ पासून अधूनमधून 'शारदा' होत. मराठी विसरत, बंगाली बोलत आणि आपण सर्पदंशाने मेलेली जुन्या काळची बंगाली स्त्री आहोत असे सांगत. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञ इयन स्टीव्हन्सन आणि निम्हान्सच्या सतवंत पसरिचा यांनी या प्रकरणाचा अभ्यास केला. स्टीव्हन्सन यांनी १९८४ च्या आपल्या पुस्तकात ते सविस्तर मांडले. शारदेने सांगितलेली काही नावे बंगालमधल्या एका घराण्याच्या वंशावळीत सापडली, हे खरे. पण बाई शाळेत असताना मैत्रिणीबरोबर थोडे बंगाली वाचायला शिकल्या होत्या, बंगालची त्यांना लहानपणापासून ओढ होती आणि नागपुरात बंगाली माणसे हजारोंनी राहतात, हेही खरे. एवढ्यावरून अस्खलित बोलता येणार नाही, असे स्टीव्हन्सन यांचे मत होते. टीकाकारांना ते पटले नाही. मला विचाराल तर आजीच्या तांदूळ निवडण्याआधी मी स्टीव्हन्सन यांच्या बाजूने उभा राहिलो असतो.

बाकी पुराव्यांचे काय झाले ते थोडक्यात सांगतो. अब्राहम कोवूर यांनी १९६३ साली श्रीलंकेत चमत्कार सिद्ध करणाऱ्याला एक लाख रुपयांचे आव्हान दिले. अमेरिकेत जेम्स रँडी यांचे बक्षीस वाढत वाढत दहा लाख डॉलरवर गेले आणि २०१५ साली बंद झाले. नरेंद्र दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीनेही २१ लाख रुपये ठेवले होते. यातले एकही बक्षीस कुणी नेले नाही. १९९० च्या दशकात कर्नाटकात दारादारांवर 'नाळे बा', म्हणजे 'उद्या ये', असे लिहिले जाई. ते वाचून भूत परत जाते, अशी समजूत. आमच्या गल्लीत तेव्हा खरा प्रश्न पडला होता, की भुताला मराठी वाचता येत असेल तर?

पण आत्या बरी कशी झाली, हा वडिलांचा पुढचा सवाल असे आणि तो रास्त होता. ती गाणगापुरात सव्वा महिना राहिली. पहाटे संगमावर स्नान, दुपारी माधुकरी, आपल्यासारख्याच बायकांत ऊठबस. सासू नाही, रांधणे नाही, "पुरे कर आता रडणं" म्हणणारे कुणी नाही. निम्हान्सच्या डॉक्टरांनी तमिळनाडूतल्या एका देवळात येऊन राहणाऱ्या ३१ मनोरुग्णांची पाहणी केली होती. ती २००२ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापून आली. औषध नसताना काही आठवड्यांत त्यांची लक्षणे सुमारे २० टक्क्यांनी उतरली होती. डॉक्टरांनी त्याचे श्रेय भूत निघून जाण्याला दिले नाही, तिथल्या आधार देणाऱ्या वातावरणाला दिले.

याची दुसरी बाजूही तमिळनाडूतलीच आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी एरवाडीला, दर्ग्याच्या आसऱ्याने चालणाऱ्या एका आश्रमाला आग लागली आणि साखळीने बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. आमच्याच गल्लीतल्या एका मुलाला फिट येत. चार वर्षे त्याला मांत्रिकाकडे नेले, लिंबाच्या फोकाने मारले. गोळ्या सुरू झाल्या तेव्हा तो सोळा वर्षांचा होता आणि शाळा केव्हाच सुटली होती. आता भूत काढण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या आणि कर्नाटकात २०१७ च्या कायद्याने गुन्हा आहे. 'टेलि-मानस'च्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर कन्नड आणि मराठी दोन्हींत बोलता येते. आत्याच्या वेळी यातले काहीच नव्हते.

आत्या आता सत्तरी ओलांडून गेली आहे. गेल्या दिवाळीत धीर करून तिला विचारले, "आत्या, ती बाई कोण होती गं?"

ती बराच वेळ वाती वळत राहिली. मग म्हणाली, "मला त्यातलं काही आठवत नाही बघ. पण त्या घरात बाळाचं नाव काढलं की सासूबाई म्हणायच्या, अपशकून होतो, दुसरं होणार नाही. मराठीत रडायची चोरी होती रे."

त्या बाळाचे नाव काय होते, ते मी आयुष्यात पहिल्यांदा त्या दिवशी विचारले. तिने सांगितले. मग म्हणाली, पुढच्या पुनवेला गाणगापूरला गेलास तर माझ्या नावानं पाच घरची माधुकरी मागून आण.