हात लुळे, पण मेंदूचा हुकूम कायम

कॉफीचा एक घोट स्वतःच्या हाताने घेण्यात विशेष ते काय, असे कुणालाही वाटेल. अमेरिकेतील कॅथी हचिन्सन यांना मात्र त्यासाठी जवळजवळ पंधरा वर्षे वाट पाहावी लागली. १९९६ मध्ये पक्षाघाताच्या झटक्याने त्यांचे हातपाय लुळे पडले, वाचाही गेली. बुद्धी तेवढी शाबूत राहिली. एप्रिल २०११ मध्ये एका यांत्रिक हाताने बाटली उचलून तिची नळी त्यांच्या ओठांशी आणली. तो हात त्या स्वतःच चालवत होत्या, केवळ मेंदूच्या बळावर!

तुटलेली वाट

हे कसे साधले? हात हलवण्याची आज्ञा मेंदूत सूक्ष्म विद्युत संकेतांच्या रूपाने निघते आणि मज्जारज्जूमार्गे स्नायूंपर्यंत जाते. अशा रुग्णांमध्ये ही वाट तुटलेली असते, पण आज्ञा देणारा भाग जिवंत असतो. 'ब्रेनगेट' या संशोधन प्रकल्पात हचिन्सन यांच्या मेंदूच्या त्याच भागावर औषधाच्या लहानशा गोळीएवढी चकती बसवली होती. तिच्यावरील ९६ सूक्ष्म टोके पेशींचे संकेत टिपून तारेने संगणकाकडे पाठवत. हात हलवण्याची कल्पना करताच कोणते संकेत उमटतात, हे संगणक शिकला. आश्चर्य म्हणजे इतक्या वर्षांनंतरही मेंदू हुकूम द्यायला विसरला नव्हता. सहापैकी चार प्रयत्न यशस्वी झाले.

पुढे वाचेचीही पाळी आली. २०२३ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात वाचा गेलेल्या एका रुग्णाने बोलण्याचा प्रयत्न करताच पडद्यावर मिनिटाला ६२ शब्द उमटले. अर्थात सुमारे चारातला एक शब्द चुकत होता.

मन वाचता येते का?

मग संगणक मनातले गुपितही वाचणार काय? सध्याची ही यंत्रे प्रामुख्याने हालचालीचा किंवा बोलण्याचा प्रयत्न ओळखतात. तरीही धोक्याची जाणीव ठेवून चिली देशाने २०२१ मध्ये मेंदूतील माहितीच्या संरक्षणाची तरतूद राज्यघटनेत केली. शिवाय कवटी उघडण्याची शस्त्रक्रिया, जंतुसंसर्गाची भीती आणि कालांतराने क्षीण होणारे संकेत या अडचणी आहेतच. २०२४ मध्ये न्यूरालिंक कंपनीच्या पहिल्या रुग्णाच्या मेंदूत बसवलेले काही धागे थोड्याच आठवड्यांत जागचे सरकले होते.

घरच्यांसाठी धडा

अशी यंत्रे घरोघरी पोहोचायला अवकाश आहे. पण त्यांनी शिकवलेली गोष्ट आजच अमलात आणता येते. निश्चल, अबोल पडलेला रुग्ण बेशुद्धच आहे असे समजून त्याच्यादेखत त्याच्या आजाराची, खर्चाची चर्चा करू नये. त्याच्याशी बोलावे. डोळे हलत असतील, तर पापणीच्या इशाऱ्याने 'हो' किंवा 'नाही' म्हणण्याची खूण ठरवावी, अक्षरांचा तक्ता समोर धरावा. त्याला ना शस्त्रक्रिया लागते, ना संगणक. लागतो तो फक्त धीर.