बिट-नकाशा वाटप

बिट-नकाशा वाटप : संगणकाच्या प्रचालन प्रणालीचा गाभा स्मृतीची पाने, चकतीवरील खंड इत्यादींच्या वाटपासाठी वापरतो ती नोंदपद्धती. प्रत्येक घटकास एक बिट असतो. ० म्हणजे मोकळा, १ म्हणजे दिलेला. ४ किलोबाइटांची पाने धरल्यास १ गिगाबाइट स्मृतीचा नकाशा ३२ किलोबाइटांत मावतो.

वांद्रे टर्मिनसवरून सुटणाऱ्या गाडीतील ७२ शायिकांच्या डब्याचा तक्ता असाच मांडता येईल; त्यास ६४ बिटांचे दोन शब्द पुरतात. मात्र तक्ता एक व खिडक्या अनेक असल्यास दोन कारकून एकच शायिका मोकळी पाहून ती दोघांना देतील. गाभ्यात असे घडले, तर दोन फायली एकाच खंडावर लिहिल्या जाऊन मजकूर नष्ट होतो. म्हणून बिट तपासणे व तो १ करणे ही एकच अविभाज्य क्रिया असावी लागते. याने अचूकता साधते, वेग नव्हे. अनेक प्रक्रियक एकाच शब्दावर लिहू लागले की, तो शब्द असलेली कॅश स्मृतीची ओळ (बहुधा ६४ बाइटांची) त्यांच्यात सारखी फिरत राहते आणि प्रक्रियक वाढवूनही काम वाढत नाही.

लिनक्सच्या ४.९ या आवृत्तीत (२०१६) समाविष्ट झालेल्या ‘एसबिटमॅप’ या आज्ञावली-संग्रहात नकाशाचे शब्द वेगवेगळ्या कॅश-ओळींवर ठेवतात व प्रत्येक प्रक्रियक आपल्या स्वतंत्र खुणेपासून शोध सुरू करतो. नकाशा लहान असल्यास प्रत्येक शब्दातील थोडेच बिट वापरतात. यात स्मृती वाया जाते, हे खरे. पण ती स्वस्त आहे. नकाशा भरत आला की खुणांचा उपयोग उरत नाही. मग मागणीदारांना रांगेत थांबावे लागते.