निसर्गाला पन्नाशीतली बाई का हवी?

बहुतेक सस्तन प्राण्यांमध्ये मादीची पिल्लं होण्याची वर्षं आणि तिचं आयुष्य जवळजवळ बरोबरच संपतं. हत्तीण तर साठीच्या आसपासही विते. माणसाच्या बाईचं वेगळंच आहे. पन्नाशीच्या आगेमागे पाळी जाते आणि त्यानंतर वीस, तीस, कधी चाळीस वर्षांचं धडधाकट आयुष्य शिल्लक असतं. उत्क्रांतीचा हिशोब पुढच्या पिढीत किती पोरं वाढली यावर चालतो, मग ही एवढी वर्षं तिला मिळाली कशी?

‘पूर्वी कुठे इतकं जगत होती माणसं?’ असं कोणी म्हणेल. पण जुन्या काळातलं सरासरी आयुर्मान खाली ओढलं जायचं ते मुख्यतः लहानपणी दगावणाऱ्या मुलांमुळे. शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या जमातींमध्येही, जे मोठे झाले त्यांच्यातले कितीतरी जण सत्तरीच्या आसपास पोचत. म्हणजे ही वर्षं औषधांनी आणि दवाखान्यांनी दिलेली नाहीत, ती फार जुनी आहेत.

टांझानियाच्या उत्तरेला, एयासी सरोवराच्या भोवती हाडझा नावाचे लोक राहतात. 1980 च्या दशकात क्रिस्टन हॉक्स आणि त्यांचे सहकारी तिथे कोण किती वेळ अन्न गोळा करतं याच्या नोंदी करत होते. इथल्या बायका जमिनीतले कंद खणतात. हत्यार एकच, टोक तासलेली काठी. कंद दगडधोंड्यांच्या खाली खोल गेलेला असतो, त्यामुळे आधी धोंडे हलवायचे, मग काठीने टोकरत माती उकरायची, मग हात कोपरापर्यंत आत घालून तो ओढायचा. तो भाजला तरी चिवट राहतो, रस चोखून चोथा थुंकावा लागतो. चार-पाच वर्षांच्या पोराच्या ताकदीबाहेरचं काम. आणि या कामात सर्वांत जास्त वेळ घालवणाऱ्या बायका निघाल्या त्या पोरं व्हायचं वय ओलांडलेल्या.

पुढची नोंद मला अधिक विलक्षण वाटते. एरवी आई जितकं खणेल त्यावर तिच्या लहान मुलाचं वजन वाढायचं. पण तिच्या मांडीवर नवं तान्हं आलं की तिचं खणणं कमी व्हायचं आणि मोठ्या भावंडाचं वजन आजीच्या खणण्यावर अवलंबून राहू लागायचं. आई एका जागी खाली बसली की आजी दुसरीकडे उठून उभी. चिंपांझीची आई एका पिल्लाला चार-पाच वर्षं पाजते, तोवर पुढचं पिल्लू नाही. माणसाच्या आईला एक अंगावर असताना दुसऱ्याचा विचार करता आला, तो या दुसऱ्या हातांमुळे, असं हॉक्स यांचं म्हणणं.

हे वाचताना मला आपल्याकडची बाळंतपणं आठवल्याशिवाय राहत नाहीत. पहिलटकरणीला माहेरी आणायचं, डिंकाचे-अळिवाचे लाडू, शेक-शेगडी, बाळाला पायांवर घेऊन अंघोळ. आता लेक न्यू जर्सीत असते, तर तिची आई सामानात सहाण, बाळगुटीच्या मुळ्या आणि बाळंतशोपा बांधून सहा महिन्यांसाठी विमानात बसते. तेव्हा मागे घरात काय असतं? ऐंशी पार केलेल्या सासूबाई, त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांचा डबा, निवृत्तीला दोन वर्षं उरलेला नवरा आणि तिची स्वतःची नोकरी, जिच्यातून एवढी रजा मिळवताना तिला साहेबांसमोर किती वेळा उभं राहावं लागलं ते तिलाच ठाऊक. ती एकाच वेळी आई, आजी, सून आणि कार्यालयातली जाणती बाई आहे. यातली एकही भूमिका खोटी नाही, आणि एकीला दिलेला दिवस दुसरीकडून काढलेला असतो.

माणसांसारखी, पिल्लं व्हायची थांबल्यावरही पुढे वर्षानुवर्षं जगण्याची रीत दातवाल्या देवमाशांच्या पाच जातींमध्ये आढळते. त्यांतली सर्वांत बारकाईने पाहिली गेलेली जात म्हणजे ऑर्का. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावर आणि खाली वॉशिंग्टनपर्यंत, 1970 च्या दशकापासून प्रत्येक ऑर्काच्या पाठीवरच्या पराचे फोटो काढून एकेकाची ओळख ठेवलेली आहे. इथे लेक आणि मुलगा दोघंही जन्मभर आईबरोबर राहतात. मादी चाळिशीच्या सुमारास विणं थांबवते आणि काही जणी ऐंशीपर्यंत जगतात. सामन मासे कमी असलेल्या वर्षांत कळपाच्या पुढे पोहतात त्या याच जुन्याजाणत्या. आई सामन पकडून तो दातांनी तोडते आणि अर्धा मुलाला देते, तो पूर्ण वाढलेला, तिच्याहून मोठा असला तरी. तिशी ओलांडलेल्या नराची आई गेली, तर पुढच्या वर्षभरात त्याच्या मरणाची शक्यता चौदा पटींनी वाढते.

मग ती विणं थांबवते कशाला? आई आणि लेक एकाच काळात व्यायल्या, तर आईचं पिल्लू दगावण्याची शक्यता लेकीच्या पिल्लाच्या 1.7 पट असते, असं 2017 मध्ये दिसलं. घास तेवढाच आणि चोची वाढलेल्या. माणसांबद्दल माइक कँट आणि रूफस जॉनस्टन यांनी 2008 मध्ये अशीच मांडणी केली होती: लग्न होऊन परक्या घरची सून येते, तिचं सासूच्या पोराशी रक्ताचं नातं नसतं, सासूचं मात्र सुनेच्या पोराशी असतं, म्हणून माघार थोरलीने घ्यायची. सून घरात आल्यावर सासूला दिवस जाणं आपल्याकडे किती लाजेचं मानलं जाई, हे ज्यांनी ऐकलंय त्यांना ही मांडणी परकी वाटणार नाही.

पुरुषही या हिशोबात आहेत. हिलर्ड कॅप्लन आणि सहकाऱ्यांनी शिकारी जमातींमध्ये कोण किती मिळवतो आणि किती खातो हे ताडून पाहिलं. अंगातली ताकद पंचविशीच्या आसपास भरात असते, पण मिळकत पंचेचाळिशीच्या सुमारास. माग कसा काढायचा, वारा कुठून आहे, जनावर आता काय करेल, हे शिकायलाच तेवढी वर्षं जातात. आणि मुलं अठरा-वीस वर्षांची होईपर्यंत मिळवतात त्याहून जास्त खातात. म्हणजे मधल्या वयातल्या माणसाने स्वतःला लागतं त्यापेक्षा जास्त मिळवायचं आणि ते वाटायचं, हीच माणूस या प्राण्याची घडण आहे. चाळिशी-पन्नाशीत दोन्हीकडून हाका येतात त्या आपलं काही चुकलं म्हणून नव्हे.

पण हाडझांच्या वस्तीत ओझं कोणी एकटीने पेललेलं दिसत नाही. आजी खणते, मावशी पोर सांभाळते, आठ-दहा वर्षांची पोरं बोरं तोडून स्वतःचं काही भागवतात. समतोल असतो तो सगळ्यांचा मिळून, एका बाईच्या अंगात नव्हे. आपण तो दोन खोल्यांच्या घरात एका माणसाच्या दिनक्रमात बसवायला निघालो आहोत. विमानात बसलेल्या त्या आजीला वेळेचं नियोजन शिकवण्यापेक्षा तिच्या मागे सासूबाईंच्या गोळ्या कोण देणार हे भावाने, दिराने, नवऱ्याने आधी ठरवणं मला जास्त निकडीचं वाटतं.

आणि रक्ताचं नातंच लागतं असंही दिसत नाही. वॉशिंग्टनच्या किनाऱ्यावर ऑनिक्स नावाचा एक नर ऑर्का आहे. त्याची आई गेली तेव्हा तो आपला कळप सोडून दुसऱ्या कळपांतल्या म्हाताऱ्या माद्यांबरोबर फिरू लागला. एक गेली की दुसरी. 2016 पर्यंत तो ‘ग्रॅनी’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या, त्या भागातल्या सर्वांत वयस्क मादीच्या बाजूने पोहत असे. तिचा तो मुलगा नव्हता, नातूही नव्हता. वर सांगितलेले सगळे हिशोब रक्ताच्या नात्याचे आहेत आणि त्यांत ग्रॅनीने त्याला जवळ का येऊ दिलं याचं उत्तर बसत नाही.