तुटलेलं प्लॅस्टिक : आधी ओळख, मग जोड

खापा, सावनेर किंवा कन्हानकाठच्या एखाद्या गावात कुणी जुनी प्रीमियर पद्मिनी जपून ठेवली आहे, असं समजू या. १९६४ मध्ये ही गाडी ‘फियाट ११०० डिलाइट’ या नावानं मुंबईत कुर्ल्याला तयार होऊ लागली. आता तिचं उत्पादन बंद आहे. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ मध्ये नोंदवली गेली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तिची मुदत संपली. अशा गाडीच्या आतली एखादी पट्टी किंवा काचेच्या हँडलची मूठ तुटली, तर नवी सहज मिळत नाही. आहे तोच तुकडा जोडावा लागतो. चुकीच्या पदार्थानं तो बिघडला, तर दुसरी संधी नाही.

प्लॅस्टिक तडकतं का?

नागपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. उन्हात बंद ठेवलेल्या गाडीचा डॅशबोर्ड ७० अंशांच्या आसपास तापू शकतो. उन्हातले अतिनील किरण आणि हवेतला ऑक्सिजन यांमुळे प्लॅस्टिकच्या रेणूंच्या लांब साखळ्या तुटत जातात. रेक्झिनवरच्या पीव्हीसीत मऊपणासाठी मिसळलेली तेलकट द्रव्यं हळूहळू उडून जातात. काचेच्या आतल्या बाजूला बसणारा चिकट धूसर थर काही अंशी त्यांचाच असतो. मऊपणा गेला, की जरासा धक्काही पुरतो.

ओळखायचं कसं?

दोन ग्लास घ्या. एकात साधं पाणी, दुसऱ्यात मीठ विरघळेनासं होईपर्यंत घालून केलेलं मिठाचं पाणी. प्लॅस्टिकचा छोटा कपचा साबणानं धुऊन दोन्हींत बुडवून पाहा. अंगाला बुडबुडे चिकटलेले नसावेत.

साध्या पाण्यात तरंगला, तर बहुधा पॉलिप्रॉपिलीन (घनता सुमारे ०.९). साध्या पाण्यात बुडाला पण मिठाच्या पाण्यात तरंगला, तर एबीएस असू शकतं (सुमारे १.०५). दोन्हींत बुडाला, तर पीव्हीसी किंवा बेकेलाइट. मिठाच्या संपृक्त द्रावणाची घनता सुमारे १.२ असते, म्हणून ही विभागणी होते. मात्र प्लॅस्टिकमध्ये खनिजाची पूड मिसळलेली असली, तर निष्कर्ष चुकू शकतो. त्यामुळे दुसरी कसोटीही लावावी. न दिसणाऱ्या जागी ॲसिटोनचा एक थेंब टाका. एबीएस चिकट होतं, पॉलिप्रॉपिलीनवर काहीच परिणाम होत नाही.

जोडायचं कसं?

एबीएसचा कीस ॲसिटोनमध्ये विरघळवून त्याची लापशी करतात आणि ती भेगेत भरतात. दोन्ही कडांचे रेणू मोकळे होऊन एकमेकांत गुंततात. ॲसिटोन उडून गेल्यावर सांधा एकजीव होतो. हे काम मोकळ्या हवेत आणि विस्तवापासून दूर करावं.

पॉलिप्रॉपिलीनवर नेहमीचे डिंक टिकत नाहीत. त्यावर पाण्याचा थेंब टाकून पाहा : तो पसरत नाही, गोळा होऊन राहतो. डिंकही तसाच नीट पसरत नाही, मग धरणार कसा? म्हणून मागच्या बाजूनं तापल्या सोल्डरिंग आयर्ननं बारीक तारेचे टाके रुतवतात. बेकेलाइट मात्र तापवून वितळत नाही. त्याला इपॉक्सीच लावावी लागते.

भेग अर्ध्यावर थांबली असेल, तर तिच्या टोकाला बारीक गोल भोक पाडतात. टोकदार जागी सगळा ताण एकवटतो, गोल कडेवर तो विभागला जातो. त्यामुळे भेग पुढे सरकण्याची शक्यता कमी होते.

वर्गात यासाठी गाडी लागत नाही. बाटलीचं झाकण, जुन्या रिमोटचं कवच आणि नळाच्या पाइपचा तुकडा एवढं पुरेल. काय तरंगेल आणि काय बुडेल, हे मुलांना आधी लिहून ठेवायला सांगा आणि मगच ग्लास पुढे करा. ‘कोणता डिंक लावू?’ असं विचारण्याआधी ‘हे कशाचं बनलंय?’ असं मुलं विचारू लागली, तर आम्हाला या प्रयोगाचं सार्थक झालं असं वाटेल.