सरकारी कागद आणि वाचनालयाचा जमाखर्च

अहमदनगर जिल्ह्याचे गॅझेटिअर मुंबई सरकारने १८८४ साली छापले. शेती, पाणी, बाजार, सावकारी, दुष्काळ अशी सर्व हकीकत त्यात आहे. ज्या वाचनालयाच्या कपाटात तो ग्रंथ असेल, तेथे त्यावर होणारा खर्च म्हणजे वाळवीपासून जपण्याचा आणि फार तर एकदा नव्या बांधणीचा. छपाईचा भार सरकारने उचललेला होता.

पुढे सरकारने छपाई आवरती घेतली. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने इलेक्ट्रॉनिक राजपत्रास मान्यता दिली व १ ऑक्टोबर २०१५ पासून भारत सरकारने आपले राजपत्र छापणे बंद केले. महाराष्ट्र शासनाचे निर्णयही संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. हा ‘विनामूल्य’ शब्द मात्र जपून घ्यावा. कागद व टपाल यांचा जो खर्च पूर्वी सरकारी तिजोरीतून होई, तोच संगणक, वीज, इंटरनेट व शाई या रूपांनी वाचनालयाच्या वहीत येऊन बसतो. आणि तो दरमहा येतो. शिवाय यंत्रे जुनी होतात. गॅझेटिअरचे जुने खंड सीडीवर आले तेव्हा केवढी सोय वाटली! आज बहुतेक नव्या संगणकांना सीडी घालण्यास जागाच नसते. १८८४ चा ग्रंथ अजून उघडतो.

१९६७ च्या ग्रंथालय कायद्याखालील ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयाचे वार्षिक अनुदान २०२२ च्या निर्णयाने ३०,००० वरून ४८,००० रुपयांवर नेण्यात आले. म्हणजे महिन्यास ४,०००. त्यातच सेवकाचे वेतन, वर्तमानपत्रे, नवी पुस्तके. राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाकडून एखादे यंत्र मिळालेच, तरी त्याचे वीजबिल कोणी भरावे?

प्रश्न केवळ सोयीचा नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्यान्वये प्राथमिक अधिसूचनेनंतर हरकतीस ६० दिवस मिळतात. जामखेडच्या शेतकऱ्यास ती अधिसूचना वेळेत वाचावयास मिळाली नाही, तर जमिनीबद्दल बोलण्याची संधीच जाते.

प्रत्येक गावी सर्व काही ठेवणे परवडणारे नाही. त्याची गरजही नाही. १८३८ साली स्थापन झालेल्या जिल्हा वाचनालयासारख्या मोठ्या संस्थेने चौदा तालुक्यांपुरते कागद निवडावे, एक प्रत छापून ठेवावी व सूची तालुक्यांना पाठवावी, हे कमी खर्चात साधण्याजोगे आहे. सूची करणाऱ्यास मात्र वेतन हवे, कारण हे काम जाणत्याचे आहे. २०२४ साली जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. केवळ नव्या नावाने शोध घेणाऱ्यास जुने कागद सापडावयाचे नाहीत, सबब सूचीत दोन्ही नावे हवीत.