जुनी पिकप, नवी चाकं (भाग ६) : उंची नेमकी कशाची वाढते?

ऊसतोडीच्या हंगामात कोल्हापूर-सांगलीकडच्या शिवारात पिकप चालवणाऱ्याच्या कानाला एक आवाज सवयीचा होऊन जातो. भरलेल्या ट्रॉल्यांनी चाकोऱ्या खोल कापलेल्या असतात, मधला मातीचा वरंबा तसाच उभा असतो आणि मागच्या डिफरन्शियलचा गोळा त्यावर खरवडत जातो. चार-दोनदा असं झालं की मालकाच्या डोक्यात गाडी ‘उचलायचं’ येतं. गॅरेजवाला तयारच असतो. दोन इंचांची लिफ्ट होते, गाडी रुबाबदार दिसायला लागते, आणि पुढच्या फेरीला गोळा त्याच वरंब्यावर, तितकाच घासतो.

घासणारच. पिकपचा मागचा ॲक्सल अखंड असतो आणि दोन्ही चाकांच्या मधोमध लटकलेला असतो. तो जमिनीपासून किती वर राहणार, हे एकटा टायर ठरवतो. पाटे बदलून, ठोकळे घालून वर जातात ते चासी, केबिन आणि हौदा. त्याचा उपयोग नाही असं नाही. ओढ्यात उतरताना पुढचा बंपर टेकत नाही, बांध ओलांडताना पोट घासत नाही, आणि मोठ्या टायरला मडगार्डखाली जागा मिळते. पण वरंब्याचं दुखणं हे टायरचं दुखणं आहे. म्हणून गेल्या आठवड्यात चासीचा गंज आणि बुश तपासून झाल्यावर आज आधी टायर, मग रिम आणि शेवटी लिफ्ट, याच क्रमाने जाऊ. बाजारात खरेदी बरोबर उलटी होते: आधी रिम आवडते, मग तिच्यासाठी टायर शोधला जातो, आणि तो घासायला लागला की गाडी उचलली जाते.

उदाहरणाला २०१६ साली आपल्याकडे आलेली इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस घेऊ. त्या पहिल्या गाड्यांना आता बरीच वर्षं झालीत, मूळ शॉकअप दमलेत आणि जुन्या बाजारात त्यांना गिऱ्हाईकही आहे. तिचा टायर २४५/७० आर १६. म्हणजे रुंदी २४५ मिमी, बाजूची भिंत रुंदीच्या ७० टक्के, रिम १६ इंचांची. हिशेब केला तर टायरचा व्यास साधारण ७४९ मिमी भरतो. त्याच रिमवर २६५/७० आर १६ घातला तर व्यास ७७७ होतो. फरक २८ मिमी, पण ॲक्सल वर येतो त्याच्या निम्मा, १४ मिमी. इतक्या खर्चात १४ मिमी ऐकून पुष्कळांचा चेहरा पडतो. मात्र चाकोरीतून जाताना हे १४ मिमी कोणत्याही लिफ्ट किटपेक्षा खरे असतात.

त्यांची किंमतही मोजावी लागते. परीघ पावणेचार टक्क्यांनी वाढतो, म्हणजे काटा ८० दाखवत असताना गाडी आधीपेक्षा सुमारे तीन किलोमीटर जास्त वेगात असते. सगळे गिअर तेवढेच लांब होतात. भरल्या गाडीने घाट चढताना एक गिअर लवकर उतरवावा लागतो. चाक जड झाल्याने ब्रेकला काम वाढतं. पावणेचार टक्के गाडी पचवते. पण २६५/७५ आर १६ घातला की फरक सात टक्क्यांच्या वर जातो, आणि तिथून पुढे क्लच, ब्रेक, मडगार्ड सगळेच तक्रार करतात. माझ्या मते रोज वापरायच्या जुन्या गाडीने पहिल्या आकड्यावर थांबावं. टायर निवडताना भारांकही पाहायचा: १११ म्हणजे एका टायरवर १,०९० किलो. कंपनीने दिलेल्या भारांकापेक्षा कमी भारांकाचा टायर कितीही देखणा असला तरी पिकपला नको.

आता रिम. इथे एक देशी जुगाड फार चालतो: जुन्या फॉर्च्युनरची १७ इंची अलॉय. गणित मोहात पाडणारं आहेच. दोन्ही गाड्यांना सहा स्टड, दोघींचं स्टडवर्तुळ १३९.७ मिमी, आणि फॉर्च्युनरचा २६५/६५ आर १७ टायर उंचीला ७७६ मिमी, म्हणजे आपल्या २६५/७० आर १६ च्या बरोबरीचा. चाक चढतं, नट बसतात, माणूस खूश होतो. खोट दिसत नाही, कारण ती मधल्या भोकात असते. टोयोटाच्या रिमचं मधलं भोक १०६ मिमीचं, तर इसुझूचा हब साधारण १०० मिमीचा. मध्ये चहूबाजूंनी तीनेक मिमीची फट राहते. मूळ रिम हबवर बसून मध्य साधते. ही रिम नुसत्या नटांवर मध्य शोधते. कडे घालून फट भरली नाही तर ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरायला लागतं आणि मालक तीन-तीनदा बॅलन्सिंग करत बसतो.

नट हातात घेऊन पाहा. बहुतेक रिमना कोनी बैठकीचा नट लागतो, टोकाकडे निमुळता. टोयोटाच्या मूळ अलॉयला लागतो तो चपटा, वॉशरवर बसणारा, खाली लांब मान असलेला. त्या भोकात कोनी नट घातला तर तो कडेच्या एका बारीक रेघेवर टेकतो. आवळताना तो घट्ट लागतो, पण थोड्याच दिवसांत सैल होतो. रिम कुठूनही आणा, तिच्यासोबतचे नट आणल्याशिवाय पैसे देऊ नका.

तिसरी गोष्ट ऑफसेट, म्हणजे हबला टेकणारी बाजू रिमच्या मध्यरेषेपासून किती आत किंवा बाहेर आहे ते. समजा मूळ रिम ७ इंच रुंद आणि ऑफसेट +३० आहे. त्याजागी ८ इंची, शून्य ऑफसेटची रिम आणली, तर तिची बाहेरची कड जवळजवळ ४३ मिमी बाहेर येते. गाडी पाय फाकून उभी राहिल्यासारखी दिसते आणि तरुण मंडळींना नेमकं तेच हवं असतं. पण चाक जितकं बाहेर, तितका व्हील बेअरिंगवर वाकडा भार, प्रत्येक खड्ड्याला स्टिअरिंगला झटका, आणि पावसाळ्यात दाराच्या हँडलपर्यंत चिखल. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर बंपरच्या कोपऱ्यालाही लागतो. मग कुणीतरी ग्राइंडर घेऊन बंपर कापतो. मूळ ऑफसेटच्या दहा-पंधरा मिमीच्या आत राहिलात तर यातलं काही होत नाही.

अलॉय की लोखंडी? शेतात आणि खडीवर जाणाऱ्या गाडीला मी लोखंडीच सुचवतो. वाकलेली लोखंडी डिस्क तालुक्याचा कारागीर सरळ करून देतो. अलॉयला चीर गेली की ती वेल्डिंग करून वापरणं म्हणजे जिवाशी खेळ. अलॉयच घ्यायची तर मागच्या बाजूला ओतलेला भाराचा आकडा आणि आयएसआयचं किंवा जपानी जेडब्ल्यूएलचं चिन्ह बघा. जिच्या पाठीवर काहीच नाही, ती रिम दुकानातच राहू द्या.

लिफ्टला हात घालण्याआधी टेप घ्या. हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत चारही कोपरे मोजा. जमिनीपासून मोजू नका, टायरची हवा आणि झीज फसवते. जुन्या पिकपचे पाटे बसलेले असतात, बहुधा चालकाच्या बाजूला थोडे जास्त. मूळ उंचीशी ताडून पाहिलं की कळतं, हवी असलेली निम्मी ‘लिफ्ट’ ही नुसती हरवलेली उंची आहे. नव्या पाट्यांनी ती आपोआप परत येते.

मागच्या बाजूचे मार्ग तीन. लांब शॅकल लावली तर शॅकल जितकी वाढते त्याच्या निम्मीच गाडी उचलते आणि डिफरन्शियलचं नाक फिरतं. ॲक्सल आणि पाट्यांमध्ये ठोकळा घातला तर काम स्वस्तात होतं, पण जोर लावताना ॲक्सल पिळतो आणि पाटे इंग्रजी एसच्या आकारात वाकतात. तिसरा मार्ग म्हणजे नवा संच किंवा जास्तीचा पाटा, आणि तो भार पाहून घ्यायचा. कायम तीनशे किलो वाहणाऱ्या गाडीचे पाटे रिकाम्या गाडीला लावले तर मागचं टोक खड्ड्याखड्ड्याला उड्या मारतं.

खरी अडचण पुढे आहे. व्ही-क्रॉसला पुढे दुहेरी विशबोन आणि कॉइल स्प्रिंग. तिथे शॉकअपच्या डोक्यावर २५ मिमीची चकती घातली की गाडी साधारण ५० मिमी उचलते, कारण शॉकअप खालच्या आर्मच्या मध्यावर कुठेतरी बसलेला असतो आणि तरफेमुळे फरक दुप्पट होतो. चकती स्वस्त, काम अर्ध्या दिवसाचं. पण स्प्रिंग तीच जुनी, आणि चाक आता पूर्वीपेक्षा खाली लोंबतं. पुढच्या ॲक्सल शाफ्टचा कोन वाढतो, रबरी बुटाच्या वळ्या एकमेकींवर घासतात, बूट फाटतो, ग्रीस उडून जातं आणि धूळ सांध्यात शिरते. कॅस्टर, म्हणजे स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे असलेला झुकाव, कमी झाल्यामुळे वळणानंतर स्टिअरिंग आपणहून सरळ येत नाही. ४० मिमीपर्यंत अलाइनमेंटच्या बोल्टने सहसा निभावतं. त्यापुढे वरचा आर्मच बदलावा लागतो, आणि तो खर्च किटच्या जाहिरातीत कुणी छापत नाही. योग्य स्प्रिंग, नवे शॉकअप, ४० मिमी: जुन्या गाडीला इतकं पुरे.

केबिन आणि चासीमध्ये ठोकळे घालायची बॉडी लिफ्टही असते. गंजलेल्या माउंटिंगवर ती करूच नका, एवढंच सांगतो.

कायद्याचं भान ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल चालत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य बदलाला प्रत्येकी पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही अशी तरतूद झाली. अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअरही टायरवरचा आकडा वाचतोच.

लिफ्टनंतर हेडलाइट खाली करून घ्या. नाहीतर समोरचा प्रत्येक जण शिव्या घालत जाईल. बऱ्याच जुन्या पिकपमध्ये मागच्या ॲक्सलला जोडलेला भारमापक ब्रेक व्हॉल्व्ह असतो. हौदा वर गेला की त्याला गाडी रिकामी वाटते आणि तो मागचा ब्रेक कमी देतो. त्याची दांडी नव्या उंचीला जुळवावी लागते. पाटे उघडले की यू-बोल्ट नवेच घ्या, आणि पाचशे किलोमीटरनंतर गाडी चाकांवर उभी असताना पुन्हा आवळा. त्या व्हॉल्व्हपासूनच पुढच्या आठवड्यात ब्रेकला सुरुवात करू.